एमपीएससीचा चर्चागट: व्हॉट्सअ‍ॅप की टेलिग्राम?

एमपीएससीच्या गटांचा नुसता सुकाळ आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला पोरगा सहज आठ-दहा गटांत असतो आणि बोलत एकातही नसतो. अशात नवा गट काढायचा तर कुठे?

टेलिग्रामवर एका गटात २ लाख सदस्य मावतात, व्हॉट्सअ‍ॅपवर १०२४. शिवाय टेलिग्रामवर नव्या माणसाला जुनी चर्चा शोधता येते, अनोळखी लोकांपासून नंबर झाकता येतो. मुलींसाठी हे फार मोलाचं. पण पीडीएफचा पूरही तिथेच. लोक फाइल उचलतात, गट म्यूट करतात. संपलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर गर्दी कमी, पण उत्तर येतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे आता खरी गरज आहे ती उत्तरं वाचून देणाऱ्या डोळ्यांची. रात्री अकराला वहीच्या पानाचा फोटो टाकला की कुणीतरी लिहितं, ‘प्रस्तावना लांबली. कलम २४३ कुठंय?’ दोन लाखांत कोण कुणाला एवढं सांगतं! (सकाळचे गुलाबाचे फोटो मात्र अ‍ॅडमिनने निर्दयपणे उडवावेत.)

मी तरी तीसेक जणांना घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवरच सुरुवात करीन. नोट्सचा साठा हवा तर टेलिग्रामवर ठेवा.