निवारा केंद्र संस्थेकडे गेल्यावर काय बदललं

आमच्या एरियातलं बेघर निवारा केंद्र आधी पालिकाच चालवायची, आता एका संस्थेला चालवायला दिलंय. स्टेशनवर झोपणाऱ्या एका काकांना मी दोन्ही वेळेस तिथे घेऊन गेलोय म्हणून लिहितोय. आधी रात्री १० ला गेलो तर गेटला कुलूप, वॉचमन म्हणे आधार कार्ड आणा, अहो फुटपाथवरच्या माणसाकडे कुठून असणार! सुप्रीम कोर्टाने २०१० लाच सांगितलंय की १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो २४ तास, बारा महिने उघडा हवा.

आता गेटवर एक ताई असतात, त्यांनी काकांना आधी आंघोळीला गरम पाणी दिलं, नाव नंतर विचारलं, पिशवीसाठी कुलपाची पेटी दिली आणि काकांनी ती किल्ली लगेच करगोट्याला बांधली, बघून भरून आलं खरंच.

पण गाद्या अगदी चिकटून आहेत, नियमात माणशी ५० चौरस फूट आहे, इथे निम्मं पण नसेल. आणि ताईंचा पगार दोन महिने थकलाय कारण संस्थेचं बिलच निघालं नाही, हे फार वाईट वाटलं, चालवायला दिलं म्हणजे पालिकेची जबाबदारी संपली असं कसं? काका अजून तिथेच राहतायत, म्हणून ४ स्टार.