नवे फौजदारी कायदे: रेकॉर्डेड व्याख्यान की वकिलांच्या बार रूममधला अभ्यासवर्ग?

१ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि वकिलीची सनद घेऊन वीस वर्षं झालेल्यांनाही पुन्हा पुस्तक उघडावं लागलं. खुनाचं कलम ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. एवढ्यासाठी मोबाईलवरचं रेकॉर्डेड व्याख्यान उत्तम. एसटीत बसल्या बसल्या ऐका, अडलं तिथे थांबवा.

पण पुराव्याच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, कलम ६३ घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते, शिवाय हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडून पाहण्यासाठीचा तिचा सांकेतिक ठसा. हे नुसतं ऐकून हातात बसत नाही. बार रूममध्ये चौघांनी मिळून नमुना भरावा, ज्येष्ठांनी विचारावं, "समोरचा हरकत घेईल, तेव्हा काय सांगशील?" तेव्हाच ते पक्कं होतं. त्या वर्गासाठी मी अशिलांच्या भेटीसुद्धा पुढे ढकलते.