आडनावाचा इतिहास काढून देणारी ऑनलाइन सर्व्हिस : ‘वाग्नर’साठी ३,८०० रुपये घातले, त्याचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव एका ऑर्डरचा आहे आणि अशा साइट्स बऱ्याच आहेत, सगळ्यांचं पॅकेज साधारण सारखंच दिसलं, आडनाव टाका, पैसे भरा, रिपोर्ट आणि कुळाचं मानचिन्ह घरपोच. तुम्ही कुणी घ्यायचा विचार करत असाल तर हे वाचून मग ठरवा.

मी का घेतलं ते सांगतो. माझी भाची स्टुटगार्टजवळ शिकायला आहे. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते, त्यांना ती आजीच म्हणते, त्यांचं आडनाव वाग्नर. पहिल्याच आठवड्यात आजींनी सांगितलं की वाग्नर म्हणजे गाड्या करणारा, लाकडाच्या गाड्या, चाकं. भाचीनं सांगितलं आमच्या आईच्या माहेरचं आडनाव सुतार, खानापूर तालुक्यातलं गाव, आणि आजोबांनी आयुष्यभर बैलगाड्याच केल्या. तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं. आजींची एक जुनी इच्छा होती, त्यांच्या पणजोबांचा सख्खा भाऊ तरुणपणी अमेरिकेला गेला तो परत आला नाही, पत्र नाही काही नाही, त्याचं पुढं काय झालं हे त्यांना कळायला हवं होतं. भाची म्हणाली मामा, आजींच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचंय. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, तिकडचं मला काय माहीत असणार, मला ही सर्व्हिस सापडली आणि ऑर्डर टाकली.

३,८०० रुपयांत बारा पानांची पीडीएफ, छापील प्रत आणि फ्रेम. फ्रेम थेट जर्मनीच्या पत्त्यावर नऊ दिवसांत पोचली, पॅकिंग मजबूत, काच फुटली नाही, छपाई सुंदर. एवढ्याला पूर्ण मार्क.

आता आतला मजकूर. पान दोनवर लिहिलंय वाग्नर घराणं बव्हेरियातलं, तेराव्या शतकातलं, आणि मानचिन्ह म्हणजे सिंह. पान पाचवर हे घराणं १७२७ साली फिलाडेल्फियाला उतरलं. मग तीन पानं संगीतकार रिचर्ड वाग्नरवर. आजींनी शांतपणे सगळं वाचलं, आभार मानले, आणि भाचीला म्हणाल्या की आमच्या घरात सिंह कधी नव्हता, आमची माणसं श्वेबिश आल्ब डोंगराच्या पायथ्याची, गावात चाकं करायची. भाचीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाच्या मनातली गोष्ट होती ही.

मग मी आणि भाचीनं मिळून दोन महिने रोज थोडं थोडं बघितलं, आजी बरोबर होत्याच, आणि रिपोर्ट कुठं चुकला ते कळलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘वाग्नर घराणं’ असं एक काही नाहीच. जर्मन भागात पक्की आडनावं साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात बसत गेली, आधी मोठ्या शहरांत, खेड्यांत नंतर. ज्या गावात गाडी करणारा होता तिथं तो वाग्नर झाला. शंभर गावांत शंभर वेगवेगळे, एकमेकांशी रक्ताचं नातं काही नाही. म्हणून तर हे आडनाव जर्मनीतल्या पहिल्या दहात आहे, म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर, त्याच रांगेत वाग्नर. रिचर्ड वाग्नर १८१३ ला लाइपत्सिगला जन्मला. अमेरिकेत १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा ज्याच्या नावानं ओळखतात तो सिनेटर रॉबर्ट वाग्नर १८७७ ला नास्टेटन गावात जन्मला आणि लहानपणीच न्यूयॉर्कला गेला. ऑटो वाग्नर हा आर्किटेक्ट व्हिएन्नाचा. ह्या सगळ्यांना एका झाडावर टांगायचं तर आपल्याकडं बेळगावातले, साताऱ्यातले आणि नागपुरातले सगळे सुतार एकाच आजोबांची लेकरं म्हणावं लागेल. मानचिन्हाचंही तसंच, ते जर्मनीत एखाद्या माणसाला किंवा त्याच्या वंशाला असतं, आख्ख्या आडनावाला नसतं, त्यामुळं तो सिंह दुसऱ्याच कुठल्या तरी वाग्नरचा.

आणि ह्याची उलटी गोष्ट आमच्या सीमाभागात घरोघरी आहे. माझे चुलते नोकरीनिमित्त हुक्केरीकडं गेले, पोरं कन्नड शाळेत घातली, मास्तरांनी दाखल्यावर ‘बडिगेर’ लिहिलं, कारण कन्नडमध्ये सुताराला बडिगेर म्हणतात. आज माझे सख्खे चुलतभाऊ बडिगेर आणि आम्ही सुतार, आजोबा एकच. लोहाराचा कम्मार होतो, सोनाराचा पत्तार होतो. त्यामुळं आडनाव वेगळं म्हणून माणूस परका आणि आडनाव एक म्हणून भाऊबंद, हे दोन्ही इकडच्या माणसाला पटत नाही. जर्मनीतही असंच आहे हे मला नवीन होतं. गाडी करणाऱ्याला दक्षिणेत आणि मध्य भागात वाग्नर, पूर्वेला आणि उत्तरेला श्टेलमाखर, वायव्येकडं राडेमाखर म्हणजे चाकं करणारा, आणि ऱ्हाइनच्या बाजूला आसेनमाखर म्हणजे आख, चाकाचा आस, करणारा. धंदा एक, बोली बदलली की आडनाव बदललं. म्हणजे नुसत्या आडनावावरून एवढंच कळतं की पूर्वज काय काम करायचे आणि साधारण कुठल्या बोलीच्या पट्ट्यातले, घराणं कळत नाही. रिपोर्टात हे पहिल्या पानावर यायला पाहिजे होतं, त्यातलं अक्षर नाही.

आता १७२७ कुठून आलं. पेनसिल्व्हेनियात त्या वर्षापासून जहाजातून उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून राजनिष्ठेच्या शपथेवर सह्या घ्यायला लागले, त्या याद्या टिकल्या, छापल्या गेल्या, शोधायला सोप्या. सोपं सापडलं ते चिकटवलं. आजींचा माणूस १८४० नंतर गेलेला, म्हणजे शंभरेक वर्षांचा फरक. त्या जुन्या लोकांची गोष्ट मात्र खरंच वाचण्यासारखी आहे, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात ह्या जर्मन कारागिरांनीच कोनेस्टोगा नावाची भलीमोठी मालगाडी केली, तळ मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकं वर उचललेली म्हणजे चढउतारावर माल सरकत नाही, चार-सहा घोडे ओढायचे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोटो दाखवला तर ते बराच वेळ चाकांकडंच बघत बसले. रिपोर्टात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि गाडी करणाऱ्यांच्या आडनावाचा रिपोर्ट होता हो तो.

लोक गाव सोडून का गेले हेही नाही. आजींचा भाग म्हणजे जुनं व्युर्टेम्बर्ग राज्य, तिथं जमीन सगळ्या मुलांत वाटायची पद्धत. दोन पिढ्यांत शेताचे तुकडे, मग हातात एखादं कसब धरायचं नाहीतर बाहेर पडायचं. आपल्याकडं वाटण्या झाल्यावर धाकटा पुण्या-मुंबईला जातो तेच की. वर १८१५ ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पीक गेलं, दुष्काळ पडला, आणि १८१७ ला माणसं झुंडीनं निघाली, काही अमेरिकेला, काही पार रशियात काळ्या समुद्राकडं आणि कॉकेशसमध्ये. तेव्हा फ्रीडरिश लिस्टला, जो पुढं मोठा अर्थतज्ज्ञ झाला, सरकारनं हाइलब्रॉनला पाठवून जाणाऱ्यांना विचारायला लावलं की बाबांनो का जाताय. पुढं १८४६-४७ ला बटाट्याची रोगराई, मग १८४८ ची फसलेली क्रांती, आणि १८५४ ह्या एका वर्षात दोन लाखांहून जास्त जर्मन अमेरिकेला गेले. नवीन वस्ती कुठंही पडो, रशियात व्होल्गाकाठी, तेव्हाच्या हंगेरीत बानाटला, ब्राझीलला, गाडी करणारा लागणारच, म्हणून वाग्नर सगळीकडं आहेत.

रिपोर्टाच्या शेवटी लिहिलंय ‘हॅम्बुर्ग प्रवासी याद्यांत नोंद आढळली नाही, शोध समाप्त’. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासूनच्या आहेत आणि चांगल्या आहेत, पण व्युर्टेम्बर्गचा माणूस हॅम्बुर्गला जाईलच असं नाही. त्या काळात नैर्ऋत्य जर्मनीतले पुष्कळ लोक फ्रान्समधल्या ल हाव्रे बंदरातून जायचे. अमेरिकेचा कापूस तिथं उतरायचा, गाड्या तो घेऊन जर्मनीला लागून असलेल्या अल्सासच्या गिरण्यांकडं यायच्या, आणि परत जाताना रिकाम्या गाडीत आणि मग रिकाम्या जहाजात ही माणसं. खानापूरचा माणूस गोव्याला गेला असेल तर त्याला सोलापूरच्या स्टँडवर शोधून काय उपयोग. ज्याला हे माहीत नाही त्यानं पैसे घेऊन शोध ‘समाप्त’ म्हणू नये.

मग माणूस सापडला कसा? चर्चच्या वहीत. व्युर्टेम्बर्गमध्ये १८०८ पासून पाद्री दर कुटुंबाचं एक पान ठेवायचे, आईबाप, सगळी मुलं, जन्म, लग्न, मरण, आणि कोण गाव सोडून गेलं तर तेही. प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या आर्किऑन नावाच्या साइटवर पैसे भरून बघता येतात, कॅथलिक असेल तर माट्रिकुला फुकट आहे. अक्षर जुनं वळणदार, आपल्या मोडीसारखंच, आजच्या जर्मन पोरांनाही लागत नाही. आजींना लहानपणी त्यांच्या आजीनं शिकवलं होतं, म्हणून वाचता आलं. तिसऱ्या संध्याकाळी पान मिळालं, पणजोबांचं नाव, खाली धाकट्या भावाचं, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘उत्तर अमेरिकेला गेला, १८५४’. भाची म्हणाली आजींनी चष्मा काढून ठेवला आणि खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढचं फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर बघतोय, ती फुकट आहे, अकाउंट काढावं लागतं एवढंच. अमेरिकेच्या १८६० आणि १८७० च्या जनगणनेत जर्मन माणसाचं राज्य लिहायची सूचना होती, म्हणजे नुसतं जर्मनी न लिहिता व्युर्टेम्बर्ग. ओहायोत एक ‘वॅगनर’ दिसतोय, स्पेलिंगमध्ये जी दोनदा, वय जुळतंय, धंदा गाडी करणारा, जन्म व्युर्टेम्बर्ग. स्पेलिंग असं बदलणं तिकडं नेहमीचं, ऐकलं तसं लिहिलं. पण एवढ्यावरून तोच असं म्हणणार नाही आम्ही, असे आणखी असतील. त्याच्या लग्नाची किंवा मरणाची नोंद शोधायची आहे, तिथं मूळ गाव लिहिलेलं असलं तर बघू.

कस्टमर केअरला मी हे सगळं मेल केलं. चार दिवसांनी उत्तर आलं की रिपोर्ट ‘आडनावाच्या सर्वसाधारण माहितीवर’ आधारित असतो. मग जाहिरातीत ‘तुमच्या कुटुंबाचा इतिहास’ कशाला लिहायचं? दुसऱ्या मेलनंतर निम्मे पैसे परत दिले. पाचपैकी दोन स्टार, ते पॅकिंगला आणि पैसे परत दिले त्याला. घ्यायचंच असेल तर ऑर्डर टाकायच्या आधी विचारा की कुठल्या गावाच्या कुठल्या वह्या बघणार, आणि गाव माहीत नसेल तर घेऊ नका, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

एक गोष्ट राहिली. परवा व्हिडिओ कॉलवर आजींना आप्पांशी बोलायचं होतं, भाची मध्ये. आप्पांनी गोठ्यातलं जुनं चाक अंगणात आणून ठेवलं होतं आणि एकेका भागाला हात लावून नाव सांगत होते, आजी त्यांचं सांगत होत्या. आप्पा म्हणाले आख, आजी म्हणाल्या आक्स. चाकाचा मधला तुंबा, तिकडं नाबं, आणि आपल्या संस्कृतात त्याला नाभी. बैलांच्या मानेवरचं जू, तिकडं योख, संस्कृतात युग. चाकाला राड, तोच आपला रथ. आणि वाग्नरमधलं वागन आणि आपलं वाहन, ‘वह्’ वाहून नेणं, मूळ एकच. मी नंतर पडताळून बघितलं, हे शब्द खरंच एका मुळाचे आहेत, भाषाशास्त्रवाले कधीपासून सांगतात. बारा पानांच्या रिपोर्टात ह्यातला एक शब्द नव्हता.

आप्पांनी शेवटी चाकाच्या कडेवरच्या लोखंडी धावेवर हात ठेवला आणि विचारलं हिला काय म्हणतात. आजी म्हणाल्या राइफन, आणि लगेच उलट विचारलं की तुम्ही ती तापवून चढवायचा का. होय की, आप्पा म्हणाले, लाल करायची, चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. आजी म्हणाल्या माझे वडीलही असंच करायचे, वाफ अंगावर यायची म्हणून आम्हा पोरांना लांब उभं करायचे.