मेनचा जिवंत लॉब्स्टर: घरी आणून शिजवावा का?

अमेरिकेतील मेन राज्याच्या समुद्रात पकडलेला जिवंत लॉब्स्टर पहिल्यांदाच घरी शिजवायचा असेल, तर तो बंदरालगतच्या मासळीच्या दुकानातून, कठीण कवचाचा आणि सव्वा पौंडाच्या (सुमारे ५७० ग्रॅम) आसपास वजनाचा घ्यावा, असे माझे मत आहे. मेनसह ईशान्य अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील अनेक दुकाने लॉब्स्टर तिथल्या तिथे वाफवून देतात. तरीही घरी शिजवण्याचा खटाटोप करावा, कारण वाफवलेला लॉब्स्टर घरी पोचेपर्यंत निवतो आणि पुन्हा गरम केला की त्याचे मांस चिवट होते. मात्र जिवंत प्राणी घरी आणल्यावर त्याला मारण्याची जबाबदारीही आपलीच असते. ती नीट पार पाडण्याची मनाची तयारी नसेल, तर दुकानातून शिजवून आणलेलाच बरा.

रत्नागिरी-मालवणकडील शेवंड खात मोठे झालेल्यांना हा प्राणी ओळखीचा वाटेल, पण तो वेगळा आहे. शेवंडीला नांग्या नसतात. लांब काटेरी मिशा असतात आणि खाण्याजोगे मांस मुख्यतः शेपटीत असते. मेनच्या लॉब्स्टरला दोन भक्कम नांग्या असतात: एक जाड, शिंपल्यांचे कवच फोडणारी, तर दुसरी सडपातळ आणि धारदार, मांस फाडणारी. म्हणूनच त्यांना रबरी पट्ट्या बांधलेल्या असतात. चिंबोरी निवडण्याची सवय असलेल्या हातांना या नांग्यांमधील मांस सहज काढता येते, आणि माझ्या मते ते शेपटीपेक्षाही सरस असते.

खरेदीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॉब्स्टरची तरतरी. दुकानदाराला तो पाठीच्या कवचाला धरून उचलायला सांगावा. तरतरीत लॉब्स्टर नांग्या वर उचलतो आणि शेपटी जोरात पोटाखाली आपटतो. नांग्या खाली लोंबत असतील, तर तो घेऊ नये. मिशा कुरतडलेल्या आणि आखूड दिसल्या, तर तो बरेच दिवस टाकीत असावा असे समजावे. टाकीत ठेवलेल्या लॉब्स्टरना बहुधा खायला दिले जात नाही, त्यामुळे बाहेरचे कवच तेवढेच राहते आणि आतले मांस झिजते. सुपरमार्केटच्या टाकीपेक्षा बंदरावरचे दुकान मला अधिक भरवशाचे वाटते ते यासाठीच. तिथे माल झपाट्याने खपतो आणि विकणाऱ्याला तो कधी उतरला हे सांगता येते.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून शरद ऋतूपर्यंत बाजारात मऊ कवचाचे, म्हणजे नुकतीच कात टाकलेले लॉब्स्टर अधिक येतात. त्यांचा दर कमी असतो, मांस गोडसर आणि कोवळे असते, आणि कवच हातानेही फुटते. परंतु वाढीसाठी घेतलेल्या नव्या कवचात पाणी पुष्कळ असते, त्यामुळे पौंडामागे मांस कमी भरते. कठीण कवचाच्या लॉब्स्टरमध्येही वजनाच्या साधारण पाचवा हिस्साच मांस निघते, हे ध्यानात ठेवून माणशी एक असा हिशेब धरावा. लांबचा प्रवास असेल, तर कठीण कवचाचाच घ्यावा. तो अधिक टिकतो.

या मासेमारीची एक बाजू मला मनापासून आवडते. मेनमध्ये डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंतची लांबी सव्वातीन इंचांपेक्षा कमी किंवा पाच इंचांपेक्षा जास्त भरली, तर लॉब्स्टर समुद्रात परत सोडावा लागतो. अंडी धरलेली मादी सापडली, तर तिच्या शेपटीच्या पात्यावर खाच पाडून तिला सोडून देतात, म्हणजे पुढे अंडी नसताना सापळ्यात आली तरी ती खाचेवरून ओळखू येते आणि पुन्हा सोडली जाते. त्याच वेळी, सापळ्यांच्या दोरांत संकटग्रस्त राइट व्हेल अडकण्याच्या धोक्यावरून २०२२ मध्ये या मासेमारीचे शाश्वततेचे प्रमाणपत्र स्थगित झाले होते. ग्राहकाने या दोन्ही गोष्टी जाणून मगच खरेदी करावी.

घरी नेताना आणि फ्रीजमध्ये ठेवताना लॉब्स्टर ओलसर वर्तमानपत्रात किंवा समुद्री शेवाळात गुंडाळून उघड्या भांड्यात ठेवावा. गोड्या पाण्यात टाकल्यास तो मरतो आणि हवाबंद पिशवीत गुदमरतो. शक्यतो त्याच दिवशी शिजवावा. तो मेल्यावर त्याच्याच पाचकरसांमुळे मांस पिठूळ होऊ लागते आणि जिवाणूही वेगाने वाढतात. घरी आल्यावर आपोआप मेलेला, निपचित पडलेला लॉब्स्टर टाकून द्यावा.

आता मारण्याविषयी. माझ्या खरेदीसोबत मिळालेल्या छापील पत्रकात ‘उकळत्या पाण्यात डोके खाली करून सोडा’ एवढेच लिहिले होते, आणि या संपूर्ण अनुभवातील हीच उणीव मला सर्वांत जास्त खटकली. स्वित्झर्लंडने २०१८ पासून शुद्धीवर असलेला लॉब्स्टर उकळत्या पाण्यात टाकण्यास बंदी केली आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्याने खेकडे, लॉब्स्टर यांसारख्या दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांना संवेदनशील मानले आहे. घरी करता येण्याजोगी पद्धत अशी: लॉब्स्टर वीस ते तीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे थंडीने त्याची हालचाल मंदावते. मग त्याला काठ असलेल्या ताटात पाटावर पालथा ठेवून, डोळ्यांच्या मागे पाठीच्या कवचावर जी आडवी खाच दिसते तिच्या किंचित पुढे, मध्यरेषेवर, जड आणि धारदार सुरीचे टोक टेकवावे आणि एका दमात खाली दाबून पाते डोळ्यांच्या मधून पुढे आणावे. हात कचरू देऊ नये; अर्धवट दाबलेली सुरी त्याला अधिक त्रास देते. लॉब्स्टरचे मज्जातंतू एकाच मेंदूत एकवटलेले नसून शरीरभर गाठीगाठींनी विभागलेले असतात, त्यामुळे नंतरही पाय आणि शेपटी काही वेळ हलतात. हे आधी माहीत असले, तर पाहताना धक्का बसत नाही. नांग्यांवरच्या पट्ट्या यानंतरच कापाव्यात.

शिजवण्यासाठी मी उकडण्यापेक्षा वाफवण्याची शिफारस करीन, कारण मांसात पाणी शिरत नाही आणि वेळेत थोडे इकडेतिकडे झाले तरी निभावते. घरातील मोदकपात्र यासाठी अपुरे पडते. उंच पातेले, तळाशी जाळी आणि घट्ट झाकण हवे. दोन इंच पाण्यात, लिटरमागे दोन मोठे चमचे मीठ घालून खळखळून उकळी आणावी. लॉब्स्टर ठेवून झाकण लावल्यावर पुन्हा वाफ धरली की वेळ मोजायला सुरुवात करावी: एक पौंडाला दहा मिनिटे, सव्वा पौंडाला बारा आणि दीड पौंडाला चौदा. कवच मऊ असेल, तर तीन मिनिटे कमी करावीत. निळसर-हिरवट कवच लाल होते ते उष्णतेने प्रथिनांच्या पकडीतून रंगद्रव्य मोकळे झाल्यामुळे, पण कवच आतल्या मांसाच्या आधी लाल होते. म्हणून शेपटीच्या सांध्यात सुरीचे टोक घालून मांस पांढरे, अपारदर्शक झाले आहे की अजून काचेसारखे दिसते, हे पाहावे.

चवीबाबत माझा आग्रह आहे की पहिला घास केवळ वितळलेल्या लोण्यासोबत खावा. मालवणी मसाला मला प्रिय आहे, पण या मांसाचा मंद गोडवा त्याखाली पूर्णपणे दडपला जातो. मादी असेल तर आतील लाल गाभोळी जरूर खावी. हिरवट, मऊ भाग मात्र टाळावा, कारण समुद्रातील विषारी घटक तिथे साठू शकतात आणि मेनचे आरोग्य खाते तो न खाण्याचा सल्ला देते. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय लॉब्स्टरच्या वाटेला जाऊ नये.

मसाल्यासाठी उरलेली कवचे आणि पाय आहेतच. ते ठेचून, कांद्यासोबत अर्धा तास मंद आचेवर उकळले की नारिंगी, दाट वासाचे पाणी निघते. गाळलेल्या त्या पाण्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण, ठेचलेली तिरफळे आणि चार-पाच आमसुले घालून केलेले कालवण दुसऱ्या दिवशी गरम भातावर घ्यावे. शेपटीचे मांस राखून ठेवले असल्यास ते आच बंद केल्यावरच त्यात सोडावे.