बॅकहोसाठी कूलंट, रिफ्रॅक्टोमीटर आणि बॅरलचा फिल्टर पंप: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

मशीन म्हणजे बॅकहो (पुढे बकेट, मागे खोदायचा हात), २०२१ नंतरच्या सीईव्ही स्टेज फोर, म्हणजे बांधकाम यंत्रांच्या धुराच्या नियमातलं, कॉमन रेल इंजिनचं (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं). काम सोलापूर भागात: शेततळी, विहिरींचा गाळ, मधूनमधून क्रशर. साइटवर पाणी म्हणजे बोअरचं, भांड्याला पांढरे डाग पाडणारं. गेल्या पावसाळ्यात तीन गोष्टी घेतल्या, त्यांचा हा अनुभव.

पैशाच्या मानाने सगळ्यात उपयोगी ठरला तो रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) पाणी किती आहे ते दाखवणारं, डोळ्याला लावून बघायचं छोटं साधन. काचेवर कूलंटचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून बघायचं. निळा-पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा, म्हणजे मिश्रणाचा गोठणबिंदू, वाचायचा. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर रेघ उणे ३५-३७ अंशांच्या आसपास येते. आमच्याकडे कुठे बर्फ पडतो, असं ऑपरेटर हसून म्हणाला. पण आपल्याला गोठणबिंदूशी देणंघेणं नाही, त्यावरून मिश्रण किती पातळ झालंय ते कळतं. बाजारात ‘रेडी टू यूज’ म्हणून मिळणारा एक स्वस्त डबा तपासला, तर रेघ शून्याच्या जरा खालीच. म्हणजे रंगीत पाणीच. डबा दुकानदाराला परत केला.

कूलंट हेवी ड्युटी डिझेलचंच घेतलं, कारचं नाही. यामागे कारण आहे. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी; ती बाहेरून थेट कूलंटमध्ये असेल तर ओला लायनर. अशा इंजिनात पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना धातू खातात. मिस्त्रीकडे असा एक लायनर पाहिला. पिस्टनचा रेटा बसतो त्याच बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं, बाकीचा लायनर गुळगुळीत. कूलंटमधली रसायनं त्यावर थर धरून हे रोखतात. ती शिल्लक आहेत की नाही हे रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही. त्यासाठी आपल्या कूलंटला चालणाऱ्या वेगळ्या पट्ट्या मिळतात. रंगावर तर जाऊच नका, हिरवा-लाल हा कंपनीचा मामला.

तरी खरं सांगू? टेम्परेचरचा काटा खाली राहिला त्याचं श्रेय महागड्या कूलंटपेक्षा टॉप-अपच्या कॅनला जास्त. तेच मिश्रण, तयार करून, केबिनमध्ये ठेवलेलं. पातळी कमी दिसली की हेल्पर बोअरची बादली आणायचा, ते बंद झालं. क्रशरवर असताना रेडिएटरची जाळी मात्र रोज फुंकावी लागते, हवा आत शिरते त्याच्या उलट बाजूने. जाळी चोंदलेली असेल तर कोणतंही कूलंट काही करू शकत नाही.

आता डिझेल. पेट्रोल पंप साइटपासून लांब, त्यामुळे बॅरल ठेवणं भाग आहे. बॅरलच्या हातपंपाला दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाणी शोषणारा फिल्टर लावला. पाणी आलं की एलिमेंट (फिल्टरचा आतला, बदलायचा भाग) फुगतं आणि धार बारीक होते. पावसाळ्यात एकदा धार इतकी मंदावली की ऑपरेटर वैतागून फिल्टर काढायला निघाला होता. बॅरलचा तळ काढला तर पाणी आणि तांबूस गाळ. हे इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत गेलं असतं तर? तिथे दाब हजार बारच्या वर असतो आणि फटी काही मायक्रॉनच्या.

सोबत दोन सवयी लावल्या. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरायची, म्हणजे रात्री रिकाम्या जागेत दव धरत नाही. आणि सकाळी चावी लावण्याआधी मशीनवरच्या वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा) नॉब सैल करून पाणी सोडायचं. ऑगस्टमध्ये पारदर्शक वाटीच्या तळाशी पाण्याची रेघ स्पष्ट दिसायची, उन्हाळ्यात बहुतेक काहीच नाही.

तक्रार एकच, पंपासोबत आलेल्या नळीची. मे महिन्याच्या उन्हात ती कडक होऊन जोडापाशी चिरली. आता डिझेलची वेगळी नळी आणून क्लॅम्पने बसवली आहे. एलिमेंट तालुक्याला मिळत नाही, मागवावं लागतं, म्हणून एक जादा घेऊन ठेवलंय.