पूर्ण घेराच्या स्कर्टची कड: बारीक दुमड, उरेब पट्टी की पिको?

पूर्ण वर्तुळाचा स्कर्ट कापायला आणि शिवायला सोपा. मधे कमरेचं भोक, बाजूला एक-दोन जोड, वर पट्टा, झालं. माणूस अडतो तो खालच्या कडेपाशी. कंबर २८ इंच आणि लांबी २६ इंच धरा. आतली त्रिज्या साडेचार इंच येते, बाहेरची साडेतीस, आणि कडेचा घेर जवळजवळ १९२ इंच. म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर टीप मारायची. पद्धत चुकली तर उसवायचंही तेवढंच.

पद्धत ठरवण्याआधी किती दुमडायचं ते ठरवा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. परकराला चार बोटं दुमड घातली तरी ती सपाट बसते, कारण परकराचं कापड सरळ असतं. वर्तुळात बाहेरची लांब कड आत वळवून आखूड वर्तुळावर बसवायची असते, त्यामुळे कापड उरतं. किती उरतं? दुमडीच्या रुंदीच्या साधारण साडेबारा पट. एक इंच दुमडलंत तर साडेबारा इंच कापड चुण्या होऊन बसणार. अर्ध्या इंचाला सव्वासहा, दोन सुतांना (म्हणजे पाव इंचाला) तीन इंचांहून थोडं जास्त. गंमत म्हणजे घेर लहान असो की मोठा, हा आकडा तोच राहतो. त्यामुळे ९५ इंच घेराच्या लहान मुलीच्या स्कर्टवर तीच दुमड दुप्पट चुणते. थोडक्यात, दोन सुतांपुढे जायचं नाही.

आणि कापलेला स्कर्ट लगेच दुमडायचा नाही. पट्टा लावून किमान एक रात्र हँगरला टांगा. जॉर्जेट असेल तर दोन-तीन दिवस. घेरात चार ठिकाणी कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं, येतं आणि तिथे ते खाली ओघळतं. मग स्कर्ट अंगात घालून सरळ उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने मोजत खडूच्या खुणा करायला सांगा. स्वतः वाकून खुणा केल्या तर प्रत्येक वेळी स्कर्ट वर जातो.

आता बारीक दुमड. खर्च शून्य, घरचं साधं मशीन पुरतं. कडेपासून दोन सुतांवर आधी एक नुसती टीप फिरवायची, त्या टिपेवर कापड आत वळवून इस्त्री करायची, पुन्हा एकदा दुमडायचं आणि आतल्या काठाला लागून टीप. ती पहिली टीप टाळू नका. उरेब भागात कापड ताणण्यापासून तीच वाचवते, आणि दुमडताना डोळ्यांना रेघही मिळते. सुती, रेयॉन, क्रेप यांना ही कड छान बसते. पॉलिएस्टरवर मात्र इस्त्रीने चुणी जिरत नाही, तिथे दुमड आणखी बारीक घ्यावी लागते. दुमड आपोआप वळवणारा हेमर फूट मिळतो, पण तो सरळ दुपट्ट्यासाठी ठीक. गोलाईवर कापड त्याच्या तोंडातून निसटतं आणि जोडाच्या जाडीवर तो हमखास अडकतो.

उरेब पट्टी ही माझी आवडती, निदान सुती कापडाला. सव्वा इंच रुंदीची पट्टी सुलट बाजूला सुलट ठेवून दोन सुतांवर जोडायची, पूर्ण आत वळवायची, वरचा काठ दुमडून टीप किंवा तुरपाई. पट्टी स्वतः उरेब असल्याने गोलाई मान्य करते. म्हणून इथे पाऊण इंचाची रुंद कडही सपाट बसते, जी नुसत्या दुमडीने कधीच बसत नाही. कडेला थोडं वजन येतं, गिरकी घेतली की स्कर्ट नीट फुलतो आणि नीट खाली येतो. लांबीतही जेमतेम पाव इंचच जातो. कापताना कमी पडलेल्यांना याचा मोठा आधार. तोटा मेहनतीचा. अर्ध्या मीटरच्या तुकड्यातून एकेक पट्टी २८ इंचांची निघते, म्हणजे सात-आठ पट्ट्या जोडत बसा. मॅचिंग सेंटरमधून तयार पट्टी आणली तर हे वाचतं, फक्त ती आधी भिजवून वाळवून घ्या. नंतर आटली की सगळी कड आवळते. जोडताना पट्टी ओढायची नाही, त्यानेही कड आत वळते. जॉर्जेट-शिफॉनला ही पद्धत नको, पट्टी जड पडते आणि आरपार दिसते.

तिथे पिको, म्हणजे काठावर मशीनने दाट दोरा गुंडाळून केलेली बारीक कड. घरी करण्यापेक्षा फॉल-पिकोच्या दुकानात द्यावा. पातळ, झुळझुळीत कापडावर याच्याइतकी हलकी कड दुसरी नाही, आणि घरच्या मशीनवर शिफॉन सरळ दुमडणं म्हणजे संयमाची परीक्षा. पण दोन गोष्टी आधी सांगून ठेवा: दोरा नेमक्या रंगाचा, आणि कापड ओढू नका. उरेब भागात ओढलं की कडेला लाटा येतात. लाटाच हव्या असतील तर काही ठिकाणी कडेत नायलॉनची तार घालून पिको करून देतात. पार्टीच्या स्कर्टला शोभतं, रोजच्याला नाही. पिको करायला देण्याआधी लांबी शंभर टक्के पक्की हवी. तो उसवताना पातळ कापड फाटतं, कापून टाकला तर लांबी जाते.

इंटरलॉक करून (म्हणजे मशीनने काठावर दोरे गुंफून) एकदाच दुमडून टीप, हा घाईचा मार्ग. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला तोच योग्य, बाकी कापडांना चालून जातो. आतून दोरे दिसतात, गिरकी घेतली की इतरांनाही दिसतात. पूर्ण हातशिलाई मी फक्त रेशमी कापडाला करीन, जिथे मशीनची टीप डोळ्यांत खुपते. पावणेपाच मीटर तुरपाईला एक अख्खी दुपार पुरत नाही.

वाढत्या मुलीसाठी शिवत असाल तर आणखी एक अडचण येते. परकरासारखी वाढीव दुमड किंवा टक घालून ठेवण्याची सोय इथे नाही. बारीक दुमडीने किंवा उरेब पट्टीने कड बंद करा, आणि त्याच कापडाचा अर्धा मीटर बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी खाली झालर जोडता येते. पिकोवर मात्र झालर जोडायची तर तो आधी कापावा लागतो.