प्लगजवळचं ऑइल आणि माझे 44,850 रुपये

गाडीच्या दुरुस्तीत फसलो, त्याची रक्कम आधी सांगतो. 44,850 रुपये. घरात अजून 30 हजारच सांगितलेत. आणि काम निघालं 1,530 रुपयांचं.

गाडी 2004 ची एस्टीम, पेट्रोल, केए-23 पासिंग. मी कर्नाटकात, निपाणीजवळ राहतो. जानेवारीत कोल्हापूरहून परत येताना, कोगनोळी यायच्या आधीच गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके देत चालायला लागली. पिकअप नाही, बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास. तेवढ्यात शेजारी मोटरसायकल आली, "काका, धूर येतोय की गाडीतून! पुढंच ओळखीचं गॅरेज आहे." हे मोटरसायकलवाले गॅरेजला गिऱ्हाईक पकडून देणारे असतात, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण लेकीला सातवा महिना, आठ दिवसांत तिला पुण्याहून माहेरी आणायचं होतं, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

गॅरेजवाल्यानं एक स्पार्क प्लग काढला आणि माझ्या हातात दिला. वर सगळा ऑइलनं माखलेला. "बघा काका, रिंग-पिस्टन गेलंय. ऑइल वर चढतंय. इंजिन उतरवायला लागणार."

तो प्लग मी हातात धरून उभा होतो. खिशातल्या रुमालानं पुसलाही. वरचा पांढरा भाग, षटकोनी भाग, सगळं ऑइल. पण टोक कोरडं होतं. चहाच्या रंगाचं, जसं चांगल्या इंजिनच्या प्लगचं असतं तसं. मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा, "टोक कोरडं कसं मग?" तो म्हणाला, "आत पेट्रोलनं धुऊन जातं ते." आणि मी गप्प बसलो! पस्तीस वर्षं गाडी चालवतोय मी. रिंग गेली की ऑइल आत जळतं, टोक काळं आणि ओलं होतं, सायलेन्सरमधून निळा धूर सुटतो, डीपस्टिकवर ऑइल कमी होत जातं. यातलं एकही माझ्या गाडीत नव्हतं. सायलेन्सरमागं जाऊन बघायला दहा पावलं चालायचं होतं. त्या दोन मिनिटांवर मी आजही रात्री जागा होतो.

ऑइल बाहेरून आलं होतं. या इंजिनात प्लग टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या मधून खोल भोकात बसतात. प्रत्येक भोकाभोवती एक गोल रबरी सील असतं, चार प्लगना चार. उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून ती सीलं कडक होतात, चिरतात, आणि कव्हरखालचं ऑइल भोकात झिरपतं. वायरीचं रबरी बूट ऑइलमध्ये फुगतं, ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूनंच पळते, म्हणून मिसिंग. कव्हरच्या कडेनं गळलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं, म्हणून वास. इंजिनच्या पोटात काही बिघडलेलं नसतं.

20,000 लगेच फोनवरून पाठवले. सहाव्या दिवशी 24,850 रोख दिले. हिशेब कोऱ्या कागदावर: रिंग-पिस्टन 13,800, बेअरिंग 4,600, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्हचं काम 5,200, पॅकिंग सेट 2,950, ऑइल-फिल्टर-कूलंट 3,300, मजुरी 15,000. गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "18 टक्के वर द्यायला लागतील." इथं कुणीही हेच केलं असतं, बिल नको म्हणाला असता. तुम्ही म्हणू नका. 18 टक्के द्या, पण कागद घ्या.

जुने पार्ट मी मागून घेतले होते, तेवढी अक्कल होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिले, मी डिकीत टाकले.

तीन आठवड्यांनी तवंदी घाट चढताना पुन्हा तेच मिसिंग. संकेश्वरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं कशीबशी नेली. त्यानं प्लगच्या भोकात बॅटरी मारली, ऑइल भरलेलं. मग गाडीखाली वाकला आणि मला बोलावलं. ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीच्या बोल्टवर जुना चिखल तसाच घट्ट बसलेला. "हे बोल्ट कुणी हातात धरलेले नाहीत. चेंबर न काढता पिस्टन कसा काढला त्यानं?" हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरची काजळीही तशीच. टॅपेट कव्हर काढलं तर चारही सीलं जुनीच, बांगडीसारखी कडक, वरून भरमसाट सिलिकॉन फासलेलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मापला, चारही सिलिंडर सारखे.

डिकीतली पिशवी मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. आत तीन पिस्टन. चार सिलिंडरच्या गाडीचे तीन पिस्टन! मिस्त्रीनं व्हर्नियर लावला: 68.5 एमएमचे. एस्टीमचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 74 चा. ते मारुती 800 चे होते. तीन आठवडे ती पिशवी माझ्याच गाडीत होती.

मिस्त्रीचे 1,530 असे: सीलांसकट कव्हर पॅकिंग 650, फुगलेल्या बुटाची वायर 380, मजुरी 500. त्याच्याकडून शिकलो ते सांगतो. भोकात ऑइल असताना प्लग काढू नका, आधी सिरिंजनं किंवा फडक्यानं उपसा, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. नुसतं कव्हरचं पॅकिंग बदलून प्लगची सीलं जुनी ठेवू देऊ नका. कव्हरचे बोल्ट ताकदीनं पिळू देऊ नका.

मग तक्रार. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात मराठी अर्ज घेईनात. "कन्नडदल्ली बर्कोंडु बन्नी," म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. टायपिस्टला 200 देऊन लिहून नेलं, तर वाचून म्हणाले, गॅरेज महाराष्ट्रात आहे, तिकडं जा. तिकडं गेलो. ते म्हणाले, गाडी केए, पत्ता कर्नाटकचा, तिकडंच द्या. आणि हे सिव्हिल मॅटर आहे. सिव्हिल कसलं? न केलेल्या कामाचे पैसे, दुसऱ्या गाडीचे पार्ट माझे म्हणून हातात. भारतीय न्याय संहितेत कलम 318 फसवणुकीचं आहे. 1 जुलै 2024 पासून हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यानं घ्यायची, असा कायदा आहे. हे मी त्यांना सांगितलं, तर "जास्त शिकलाय काय?" माझ्यासमोर गॅरेजवाल्याला फोन लावला, हसून बोलले, आणि मला म्हणाले, "तीन हजार देतोय, मिटवून टाका." सात फेऱ्या झाल्या माझ्या. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो त्यांतलं आमचं एक. सभेत दोन्ही राज्यं आम्हाला आपलं म्हणतात. ठाण्यात दोघांनाही आम्ही नको.

शेवटी ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज सीमेपलीकडं असलं तरी. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. माझ्याकडं पुरावा 20,000 चाच आहे, 24,850 रोख गेले. म्हणून रोख देऊ नका.

गाडी सोडून यायचीच वेळ आली तर चेंबरच्या दोन-तीन बोल्टवर ऑइल पेंटचा ठिपका मारा, सांध्यावरून एक रेघ ओढा आणि फोटो काढा. कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मापल्याशिवाय इंजिनला पाना लावू देऊ नका. जुन्या पार्टची पिशवी तिथंच उघडा आणि पार्ट मोजा.

ते तीन पिस्टन मी आयोगात दाखवणार आहे. नीट गुंडाळून कपाटात ठेवलेत.